तोच रंग पुन्हा हवा असेल, तर दोरी घेण्याआधी हे वाचा

(घरून मॅक्रमे म्हणजे दोरीच्या गाठींची वीण, क्रोशे, तोरणं आणि रुखवताच्या वस्तू करून विकणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी)

"मागच्या महिन्यात नेली होती तीच मोरपंखी द्या, तीनच पीस राहिलेत." सणासुदीच्या दिवसांत काउंटरवर हे रोज ऐकू येतं. आम्ही मोरपंखी काढतो, ताई पिशवीतून अर्धवट झालेलं काम काढून शेजारी धरतात आणि त्यांचा चेहरा उतरतो. दोन्ही मोरपंखीच, पण एक हिरव्याकडे झुकलेली, दुसरी निळ्याकडे. मग "तुम्ही माल बदलला का?" असा प्रश्न येतो. माल बदललेला नसतो, लॉट बदललेला असतो.

सुती दोरी आणि दोरा एका वेळी भांड्यात मावेल तेवढाच रंगवतात. त्या एका खेपेला लॉट म्हणतात. पुढच्या खेपेला रंगाचा नंबर तोच असतो, पण कापूस वेगळा असतो, पाण्याचा जडपणा वेगळा असतो, उष्णता आणि वेळ थोडी इकडेतिकडे होते. त्याच घरची, त्याच हातची आमटी दोन दिवस अगदी एकसारखी उतरत नाही, तसंच हे. चांगल्या कंपनीच्या मालातही हा फरक येतो, म्हणूनच लेबलावर शेड नंबरशेजारी लॉट नंबर छापलेला असतो. सुटी दोरी आम्ही मीटरवर कापून देतो तेव्हा बिलावर लॉट नंबर हाताने लिहून देतो. तो फोटो काढून ठेवा. पुन्हा येताना नुसतं "मोरपंखी" सांगण्यापेक्षा तो नंबर सांगितलात, तर शिल्लक आहे की नाही हे आम्ही दोन मिनिटांत व्हॉट्सअ‍ॅपवर सांगू शकतो.

रंग जुळवायचाच असेल तर दुकानाच्या दारात, उजेडात या. ट्यूबलाइटखाली हुबेहूब जुळलेल्या दोन दोऱ्या उन्हात वेगळ्या दिसतात.

ऑर्डर घेणाऱ्यांचा सगळ्यात जास्त वेळ ज्यात जातो ती चूक हीच: लागेल तशी थोडी थोडी दोरी नेणं. एकदम पैसे अडकू नयेत म्हणून लोक असं करतात, ते आम्हाला समजतं. पण हिशोब करून बघा. नाशिकच्या इंदिरानगर किंवा गंगापूर रोडवरून मेनरोडच्या गर्दीत यायचं, गाडी लावायला जागा शोधायची, रंग जुळला नाही तर रविवार कारंजापर्यंत आणखी चार दुकानं पालथी घालायची. अर्धा दिवस गेला. त्यानंतर झालेल्या गाठी सोडवायच्या, नाहीतर बारांतले तीन वेगळ्या छटेचे पीस देऊन गिऱ्हाइकाची नाराजी घ्यायची. दोरीत वाचवलेले पैसे त्या अर्ध्या दिवसात केव्हाच संपलेले असतात.

यावर उपाय म्हणजे ऑर्डर घेतल्याबरोबर पूर्ण मापाचा अंदाज काढणं आणि सगळी दोरी एकाच लॉटमधून घेणं.

अंदाज असा काढा. मॅक्रमेत तयार वस्तूच्या लांबीच्या साधारण चौपट दोरी लागते. ती मधोमध दुमडून रिंगला अडकवायची असेल तर आठपट. 90 सेंटीमीटर लांबीचा कुंडी टांगायचा झुला धरा. त्यात 8 दोऱ्या दुमडून अडकवल्या, तर प्रत्येक दोरी 7.2 मीटर, म्हणजे 57.6 मीटर. वर-खाली गुंडाळायला आणखी तीनेक मीटर. एका झुल्याला 61 मीटर धरा. 25 झुल्यांची ऑर्डर असेल तर 1525 मीटर, आणि वायफळ जाणारी दोरी धरून 1600. विणीत मोकळी जागा जास्त सोडत असाल तर कमी लागेल, गाठी दाट असतील तर जास्त. म्हणून एक पीस आधी पूर्ण करा, किती उरली ते मोजा आणि मगच बाकीची दोरी न्या. नमुन्यापुरती दोरी आम्ही आनंदाने कापून देतो, आणि त्या लॉटमधली उरलेली बाजूला ठेवतो.

क्रोशाला मोजपट्टीऐवजी स्वयंपाकघरातला वजनकाटा वापरा. तयार पीसचं वजन गुणिले पिसांची संख्या, वर दहा टक्के.

आणि दोन लॉट वापरण्याशिवाय इलाजच नसेल तर? एका पीसमध्ये अर्ध्यावरून दोरा बदलू नका, तिथे रेघ दिसते. क्रोशात दोन ओळी जुन्या, दोन ओळी नव्या दोऱ्याच्या अशा घेत गेलं की फरक विरून जातो. मॅक्रमेत नवा लॉट पूर्ण वेगळ्या पीसला किंवा फक्त खालच्या गोंड्यांना वापरा.

दोरी एकदम घेतली की कामाचा वेगही वाढतो, आणि याकडे फार थोडे लोक लक्ष देतात. एक झुला सुरुवातीपासून शेवटपर्यंत करून मग दुसरा हातात घेतला, की दर वेळी मोजणं, कात्री शोधणं, पसारा काढणं आलं. त्याऐवजी सगळी कापणी एका बैठकीत करा. वरच्या मापासाठी दोन जड खुर्च्या 3.6 मीटर अंतरावर ठेवा आणि त्यांच्याभोवती दोरी फिरवत जा. एक फेरा म्हणजे 7.2 मीटर. आठ फेरे झाले की एकाच जागी कापा, एका झुल्याच्या आठही दोऱ्या तयार. प्रत्येक संचाला सैल गाठ मारून ठेवा. मग सगळ्या रिंगांना दोऱ्या अडकवा, मग गाठी, आणि शेवटी एका दुपारी सगळे गोंडे विंचरून छाटा. हात एकाच कामात बसला की चुकाही कमी होतात.

आता आमच्यावरच्या दोन तक्रारी. कापलेली दोरी आम्ही परत घेत नाही, कारण चाळीस मीटरचा परत आलेला तुकडा ज्याच्या कामी येईल असा दुसरा ग्राहक त्याच लॉटचा असावा लागतो. तो बहुधा नसतो, आणि ते नुकसान शेवटी सगळ्यांच्याच भावात चढतं. दुसरं म्हणजे, ऑनलाइन दोरी स्वस्त मिळते असं ऐकतो. जरूर घ्या, फक्त किलोवर घेताना आतल्या पुठ्ठ्याच्या नळीचं वजन त्यात धरलंय का ते विचारा, आणि मीटर किती ते विचारा. 3 मिलिमीटर लिहिलेल्या दोन दोऱ्यांत पीळ कमी-जास्त असला की एका किलोत मीटर वेगळे भरतात. आम्ही मीटर मोजून देतो.

भाव ठरवताना बऱ्याच ताई दोरीची किंमत दुप्पट करतात आणि थांबतात. समजा दोरी-रिंग-पॅकिंग मिळून 220 रुपये झाले आणि अडीच तास लागले. तासाला 80 रुपये धरले तरी 200 रुपये तुमच्या हाताचे. म्हणजे 420 ही नुसती लागत झाली. तो झुला 440 ला विकून नफा झाला असं वाटतं, पण प्रदर्शनातल्या टेबलाचं भाडं, रिक्षा आणि बिघडलेला एखादा पीस त्यातूनच जायचा असतो. पहिल्या पीसला घड्याळ लावा. वेळ माहीत नसेल तर भाव सांगू नका.

विक्री वाढवायची तर आमचा सल्ला थोडा उलटा वाटेल: रंग कमी ठेवा. वीस रंगांचे फोटो टाकले की गिऱ्हाईक एकविसावा मागतं. तीन-चार रंग पक्के करा, त्यांचा पुरेसा लॉट घ्या आणि तेच दाखवा. फोटो सकाळी खिडकीशेजारी काढा, आकार कळावा म्हणून शेजारी कुंडी किंवा हात असू द्या.

मोठ्या संख्येच्या ऑर्डरी वाणाच्या असतात. मकरसंक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकू चालतं आणि एकेका घरून पन्नास-शंभर नग लागतात. तिथे झुला चालत नाही. दहा-पंधरा मिनिटांत होणारी कीचेन, छोटं तोरण, पेल्याखालची चकती असं काहीतरी हवं. नमुने डिसेंबरच्या सुरुवातीला तयार पाहिजेत. रुखवताची चौकशी तुळशीच्या लग्नानंतर वाढते. आणि नाशिकच्या सिंहस्थ कुंभमेळ्याच्या मुख्य पर्वण्या ऑगस्ट-सप्टेंबर 2027 मध्ये, म्हणजे भर पावसाळ्यात आहेत. बाहेरगावचा माणूस पिशवीत मावेल तेच घेईल: गोमुखी (जपमाळेची पिशवी), पाण्याच्या बाटलीची झोळी. सुती वस्तू दमट हवेत ओल धरतात, तेव्हा त्या बंद पिशवीतच द्या.

लॉट राखून ठेवायचा असेल तर पिसांची संख्या आणि माप व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा, आमचा व्हॉट्सअ‍ॅप नंबर बिलावर आहे. अंदाज आम्ही काढून देतो, त्याचे पैसे घेत नाही. चौथा भाग आगाऊ भरलात की उरलेली दोरी तुमच्या नावाने पंधरा दिवस राहते आणि तुम्ही दोन-तीन हप्त्यांत नेऊ शकता. दिवाळीच्या रंगांसाठी हे गणपतीच्या आधी कळवा, कारण नवरात्रात लाल आणि पिवळ्याचे लॉट आमच्याकडे फार दिवस टिकत नाहीत.