कोणते पुस्तक न्यावे? आमच्या सभासदांसाठी एका वाचकाची मते

आमच्या वाचनालयातून नेलेली बरीच पुस्तके पहिली दहा-पंधरा पाने वाचून परत येतात आणि ती परत करताना सभासद बहुधा ‘जमले नाही’ एवढेच सांगतात. पुस्तक न वाचता परत करण्यात गैर काही नाही, परंतु मराठीतील कितीतरी चांगल्या पुस्तकांचा आरंभ त्यांच्या सर्वांत अनोळखी भागाने होतो आणि तेथेच वाचक थांबला तर पुढे काय आहे हे त्याला कधीच कळत नाही. म्हणून या पत्रकात एकमेकांशी काहीही नाते नसलेली काही पुस्तके घेतली आहेत. प्रत्येकाबद्दलचे माझे मत येथे दिले आहे आणि नेण्यापूर्वी कपाटाजवळ उभे राहून कोणता भाग वाचून पाहावा, हेही शक्य तेथे सांगितले आहे. वाचनालय मी चालवते, त्यामुळे ही मते माझी आहेत. जे मला आवडले नाही तेही येथे लिहिले आहे.

आरंभ आपल्या गोव्याच्या मातीतल्या ग्रंथाने करते. फादर थॉमस स्टीफन्स हे जन्माने इंग्रज, जेझुइट पंथाचे पाद्री. ते १५७९ साली गोव्यात आले आणि येथेच १६१९ साली वारले. सुमारे ११ हजार ओव्यांचे त्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली सासष्टीतील रायतूर येथे रोमन लिपीत छापले गेले. गोव्यात छापखाना १५५६ सालीच आला होता, हे लक्षात घेतले की आपल्याकडच्या ग्रंथव्यवहाराचे वय ध्यानात येते. हा ग्रंथ अभ्यासकांसाठी आहे असे समजून सभासद तो उचलतच नाहीत. माझ्या मते हा ग्रंथ डोळ्यांनी वाचायचा नसून मोठ्याने म्हणायचा आहे. ज्यांच्या घरी श्रावणात पोथी लागते किंवा ज्यांनी लहानपणी आजीच्या तोंडून ओव्या ऐकल्या आहेत, त्यांना त्याची चाल चार कडव्यांत सापडते आणि चाल सापडली की जुने शब्द फारसे अडवत नाहीत.

नेण्यापूर्वी पहिल्या पुराणाचा (पहिल्या भागाचा) पहिला अध्याय, म्हणजे त्या ग्रंथाच्या भाषेत ‘अवस्वर’, वाचून पाहावा. तेथे नव्याने ख्रिस्ती झालेला एक ब्राह्मण पाद्रीला विचारतो की आमची जुनी पुराणे तुम्ही वाचू देत नाही, मग त्यांच्या जागी आम्ही काय वाचावे? चारशे वर्षांपूर्वीच्या गोमंतकीय माणसाची वाचनाची भूक मला याहून स्पष्टपणे दुसरीकडे कोठे दिसलेली नाही. त्याच अध्यायात मराठीचे प्रसिद्ध स्तवन आहे. शाळेच्या पुस्तकामुळे त्यातील दोन ओव्या सर्वांना माहीत असतात, पण रत्ने, फुले आणि सुगंधी द्रव्ये अशा एकेक उपमा चढत जाताना ते सलग म्हटले तर त्यातला जिव्हाळा खरा लागतो. मधले काही अवस्वर मला लांबलेले वाटले आणि ते ओलांडून पुढे जाण्यास हरकत नाही. येशूच्या जन्माचा आणि शेवटच्या दिवसांचा भाग मात्र सोडू नये.

लक्ष्मीबाई टिळकांचे ‘स्मृतिचित्रे’ हे मी सर्वांत जास्त वेळा सुचवलेले पुस्तक आहे. ते १९३४ पासून भागाभागांनी प्रसिद्ध झाले. लक्ष्मीबाईंचे पती कवी ना. वा. टिळक यांनी १८९५ साली ख्रिस्ती धर्म स्वीकारला, तेव्हा बाईंना काहीच विचारलेले नव्हते. पुढची काही वर्षे दोघे वेगळे राहिले आणि नंतर बाई पतीकडे गेल्या. एवढा गोषवारा ऐकून पुष्कळांना वाटते की हे दुःखाचे पुस्तक असेल. प्रत्यक्षात त्यात पानोपानी हसू येते आणि ते हसू कोणाला खाली पाडून आलेले नसते. पहिल्याच प्रकरणात त्यांच्या वडिलांचे सोवळे आहे. घरात येणारी प्रत्येक वस्तू धुऊन घेतल्याशिवाय त्यांचे समाधान होत नाही आणि त्या धुण्यापायी अख्खे घर सतत ओले आणि धास्तावलेले असते. लेखिका वडिलांना वेडे ठरवत नाही. त्या वेडामागे १८५७ च्या धामधुमीत घराण्यावर कोसळलेला आघात होता, हे ती सहज सांगून जाते आणि मग आपल्याला हसायचे की गप्प व्हायचे हे कळेनासे होते.

माझ्या दृष्टीने या पुस्तकाचा गाभा पुढे आहे. पतीजवळ राहू लागल्यावरही बाई बराच काळ आपले सोवळे सांभाळून असतात. पाणी वेगळे, स्वयंपाक वेगळा. मग त्यांच्या मनात जातीविषयी प्रश्न उभा राहतो, त्या तो स्वतःच उलटसुलट तपासतात आणि यापुढे कोणाच्याही हातचे खायचे असे ठरवतात. हा निर्णय त्यांना कोणी उपदेश करून घ्यायला लावलेला नाही. गोव्यात एकाच वाड्यावर देऊळ, इगर्ज (चर्च) आणि दोन्हीकडे जाणारी माणसे आपण रोज पाहतो. धर्म बदललेल्या घराण्यांच्या कुलदेवतांशी टिकून राहिलेल्या नात्यांच्या गोष्टीही आपल्या कानावर असतात. त्यामुळे हा भाग आपल्याकडच्या वाचकाला अधिक जवळचा वाटतो असे मला वाटते. शेवटचा भाग लेखिकेच्या हातून पूर्ण झालेला नाही आणि ते जाणवते. तरीही हे पुस्तक प्रथमपासून क्रमाने वाचावे. चाळून पाहायचेच असेल तर कोणतेही पान उघडावे, चालेल.

गोडसे भटजींचे ‘माझा प्रवास’ याच्या अगदी उलट आहे. ते मधूनच उघडावे. पेणजवळच्या वरसई गावचा एक भिक्षुक दक्षिणेच्या आशेने उत्तरेकडे निघतो, १८५७ च्या उठावात सापडतो, झाशीच्या वेढ्यात अडकतो, अनेकदा लुटला जातो आणि शेवटी गंगेची कावड घेऊन घरी परत येतो. हे लेखन त्यांच्या मृत्यूनंतर, १९०७ साली, चिं. वि. वैद्य यांनी प्रसिद्ध केले. आरंभीची घरगुती हकिगत आणि प्रवासाची तयारी काहींना संथ वाटते, म्हणून झाशीच्या प्रकरणापासून सुरुवात करावी आणि नंतर मागे यावे. राणी लक्ष्मीबाईंची दिनचर्या, शहर पडल्यानंतरची लूट, तहानभुकेचे दिवस हे सारे लिहिणारा माणूस वीर नाही आणि इतिहासकारही नाही. दक्षिणा किती मिळाली आणि जेवणात काय होते याकडे त्याचे बारीक लक्ष असते. मला त्याचा हा प्रामाणिकपणा फार मोलाचा वाटतो, कारण ज्याने भाताची चिंता लपवली नाही त्याने तोफांचे वर्णन वाढवून सांगितले नसेल असा विश्वास वाटू लागतो.

भालचंद्र नेमाडे यांच्या ‘कोसला’बद्दल सभासदांमध्ये सरळ दोन तट आहेत. १९६३ सालची ही कादंबरी. तिचे लेखक पुढे काही काळ गोवा विद्यापीठात शिकवत होते, त्यामुळे आपल्याकडे त्यांचे नाव आदराने घेतले जाते. खेड्यातून पुण्याला शिकायला गेलेला पांडुरंग सांगवीकर स्वतःची गोष्ट सांगतो. वसतिगृह, मेसचा हिशेब, संमेलने, फसलेले उत्साह यांची ती बडबड कित्येक पाने चालते. मला त्यातील बराच भाग कंटाळवाणा वाटला आणि तो कंटाळा हेतुपूर्वक आहे असे समजावून सांगितल्याने तो कमी होत नाही. मात्र धाकट्या बहिणीच्या, मनीच्या, मृत्यूचा भाग आला की हाच माणूस, हीच वाक्ये, अंगावर येतात. तो भाग वाचल्यावर मागची सगळी बडबड कशावर पांघरूण घालत होती ते कळते. म्हणून ज्यांना पहिल्या पन्नास पानांत कंटाळा आला असेल त्यांना माझी विनंती आहे की मनीपर्यंत जावे आणि मग हवे तर पुस्तक परत करावे.

विश्राम बेडेकर यांची ‘रणांगण’ ही छोटी कादंबरी १९३९ सालची, म्हणजे दुसरे महायुद्ध पेटले त्याच वर्षातली आहे. युरोपातून मुंबईकडे येणारी बोट, तिच्यावर नाझींच्या छळातून निसटलेली ज्यू कुटुंबे, चक्रधर आणि हॅर्टा. याहून अधिक सांगणे योग्य नाही. हिच्यातले कोणतेही पान आधी चाळू नये. रविवारी दुपारी जेवणानंतर सुरू केली तर दिवेलागणीला संपते, आणि ती अशीच एका बैठकीत वाचली जावी असे माझे ठाम मत आहे.

दया पवार यांचे ‘बलुतं’ (१९७८) मी कोणालाही ‘चांगला वेळ जाईल’ म्हणून दिलेले नाही. मुंबईच्या कावाखाना या वस्तीतले बालपण आणि गावाकडचा महारवाडा यांत लेखक स्वतःच्या माणसांनाही सोडत नाही. शिकून पुढे गेलेला दया पवार आपल्याच दगडू पवारचे ऐकत बसला आहे, अशी या पुस्तकाची मांडणी आहे. त्यामुळे सांगणाऱ्याला कुठेही पळवाट उरत नाही. ज्यांनी दलित आत्मकथनांपैकी एकही वाचलेले नाही त्यांनी येथून सुरुवात करावी.

आता स्वयंपाकाचे पुस्तक. कमलाबाई ओगले यांचे ‘रुचिरा’ (१९७०) आमच्याकडून नवविवाहित जोडपी आणि नोकरीसाठी बाहेरगावी निघालेली मुले नेतात. वाटी-चमच्याचे माप देऊन ज्याला काहीच येत नाही त्यालाही धीर देणारे हे पुस्तक आहे आणि साध्या, नेमक्या मराठी गद्याचा नमुना म्हणूनही मी ते वाचते. ते गोव्याच्या चुलीवरून आलेले नाही, तेव्हा हुमणाचे (माशांच्या आमटीचे) वाटण किंवा तेफळे कधी घालायची हे त्यात शोधू नये. ते घरातल्या वडीलधाऱ्या बाईकडूनच शिकायला हवे.

मुलांसाठी दोन नावे पुरेत. वीणा गवाणकर यांचे ‘एक होता कार्व्हर’ (१९८१) सातवीच्या पुढच्या मुलांना द्यावे. चरित्रनायकाविषयीचा भक्तिभाव थोडा अधिक आहे, पण गुलामीत जन्मलेला पोरका मुलगा भुईमुगाचा शास्त्रज्ञ कसा झाला ही हकिगतच इतकी भक्कम आहे की तो खटकत नाही. जयंत नारळीकरांच्या विज्ञानकथांपैकी ‘उजव्या सोंडेचा गणपती’ गणेशचवथीच्या सुट्टीत मुलांना वाचून दाखवावी. माणूस आरशातल्या प्रतिमेसारखा उलटा झाला तर काय होईल, एवढ्या एका कल्पनेवर ती उभी आहे आणि ऐकणारी मुले गोष्ट संपताच हात उजवा की डावा यावर वाद घालू लागतात.

वर उल्लेखलेली पुस्तके दर्शनी कपाटात एकत्र ठेवली आहेत. पावसाळ्यात पुस्तक प्लास्टिकच्या पिशवीत बंद करून ठेवू नये, कारण आतली दमट हवा अडकून पानांना बुरशी येते. भिजलेले पुस्तक उन्हात न टाकता पंख्याखाली उघडून ठेवावे. पुस्तक अर्धवट सोडले असल्यास कोणत्या पानावर सोडले तेवढे परत करताना सांगावे. त्यावरून पुढचे पुस्तक कोणते सुचवावे हे आम्हांला बरेचसे ठरवता येते.