बृहत् आराखड्यातला बिंदू : विद्यापीठांच्या नियोजनाची पार्श्वभूमी

नवी महाविद्यालये कुठे आणि कोणत्या विषयांची निघावीत, हे ठरवणारा राज्यातल्या सार्वजनिक विद्यापीठांचा सध्याचा बृहत् आराखडा २०२४-२५ ते २०२८-२९ या पाच वर्षांचा आहे. त्याच्या जोडीला आता नव्या शैक्षणिक धोरणातला, प्रत्येक संस्थेने स्वतःपुरता करायचा संस्थात्मक विकास आराखडाही आला आहे. विद्यापीठाच्या अधिसभेतल्या (सिनेटमधल्या) भाषणांपासून वर्तमानपत्रांतल्या बातम्यांपर्यंत दोन्हींना नुसते ‘आराखडा’ म्हटले जाते. त्यामुळे वाद कशावर चालला आहे, हेच अनेकदा कळत नाही.

१९७४ च्या कायद्यांच्या काळात प्रत्येक विद्यापीठाचा कायदा वेगळा होता. नियोजन म्हणजे मुख्यतः दिल्लीच्या पंचवार्षिक योजनेसाठी इमारती, पदे आणि उपकरणांचे प्रस्ताव पाठवणे. महाविद्यालय कुठे निघावे, हे मात्र संस्थाचालक कुठून प्रस्ताव आणतो त्यावर ठरे. १९८३ मध्ये राज्याने विनाअनुदानित अभियांत्रिकी आणि वैद्यकीय महाविद्यालयांना दार उघडले, तेव्हा ही ढिलाई झाकता येईनाशी झाली.

खरा बदल झाला तो महाराष्ट्र विद्यापीठ अधिनियम, १९९४ मुळे. राज्यातल्या अकृषी विद्यापीठांना एकच कायदा लागू झाला आणि आराखडा करणे सक्तीचे झाले. जिल्ह्या-जिल्ह्यातल्या शैक्षणिक सोयींचा तोल पाहून हा आराखडा विद्यापीठाने करायचा, आणि त्याच्याशी जुळत नसलेल्या नव्या महाविद्यालयाचा अर्ज विचारातच घ्यायचा नाही, असे कलम ८२ ने ठरवले. नाही म्हणण्याचा कायदेशीर आधार विद्यापीठाला मिळाला, ही गोष्ट लहान नव्हती.

इथे शब्दाकडे थोडे थांबून पाहायला हवे. आजच्या कायद्याच्या मराठी पाठात ‘सम्यक योजना’ असा शब्द आहे. बोलण्यात आणि शासन निर्णयांत रुळला तो ‘बृहत् आराखडा’. सम्यक म्हणजे सर्व बाजूंनी नीट पाहिलेले, बृहत् म्हणजे मोठे. सम्यक योजनेत कोणते विषय वाढवायचे, कोणते थांबवायचे, संशोधनाला पैसा कुठून आणायचा, शिक्षक कसे भरायचे हे सगळे यायला हवे. प्रत्यक्षात ज्या पानांवर सगळ्यांची नजर असते ती पाने तक्त्यांची. तालुका, गाव, विद्याशाखा आणि शेवटच्या रकान्यात ‘बिंदू’. बिंदू म्हणजे जिथे नवे महाविद्यालय देता येईल अशी जागा. आराखडा प्रसिद्ध झाला की संस्थांच्या कार्यालयांत पहिला प्रश्न येतो, ‘आपल्या गावाला बिंदू आहे का?’ विद्यापीठाच्या पुढच्या पाच वर्षांचा सगळा विचार त्या एका रकान्यात आक्रसला आणि बहुतेकांना त्यात काही वावगेही वाटेनासे झाले.

१९९४ च्या कायद्यातल्या त्या कलम ८२ च्याच एका परंतुकावरून, म्हणजे नियमाला जोडलेल्या अपवादावरून, सर्वांत जास्त भांडण झाले. विद्यापीठाने शिफारस केलेली नसली, तरी अपवादात्मक परिस्थितीत, लेखी कारणे नोंदवून, शासन नव्या महाविद्यालयाला परवानगी देऊ शकते, अशी ती तरतूद. तिच्या बाजूने बोलणाऱ्यांचा मुद्दा पोकळ नव्हता. विद्यापीठाच्या प्राधिकरणांवर जुन्या संस्थांचेच लोक बसतात, ते शेजारी नवा स्पर्धक का येऊ देतील? आणि दुर्गम तालुक्यातल्या ज्या मुलीला एसटीच्या एकाच फेरीवर कॉलेज गाठायचे आहे, तिच्यासाठी पाच वर्षांच्या तक्त्याची वाट का पाहायची? हा प्रश्न खराच होता. पण अपवाद तिच्यासाठी किती वेळा वापरला गेला आणि रस्त्यालगतच्या वाढत्या गावांत जागा धरून ठेवणाऱ्यांसाठी किती वेळा, याचा हिशेब मांडायला कुणीच पुढे आले नाही. कारणे लेखी नोंदवायची होती; ती फाइलीत राहिली. ज्या विद्यापीठाने नकार दिला, त्यालाच पुढे त्या महाविद्यालयाला संलग्नीकरण द्यावे लागे, म्हणजे आपल्याशी जोडून घ्यावे लागे, परीक्षा घ्याव्या लागत आणि पात्र शिक्षक नाहीत म्हणून दरवर्षी पत्रेही लिहावी लागत.

अशा एका नव्या महाविद्यालयात विद्यापीठाच्या वतीने पाहणी करणाऱ्या स्थानिक चौकशी समितीबरोबर मी गेलो होतो. मंगल कार्यालयाच्या हॉलमध्ये मध्ये पडदा लावून दोन वर्ग केले होते. ग्रंथालयाच्या दाखल नोंदवहीतल्या पहिल्यापासून शेवटपर्यंतच्या सगळ्या नोंदी एकाच हाताच्या, एकाच शाईच्या होत्या. बाहेर पहिल्या वर्षाची मुले प्रवेशाच्या पावत्या हातात घेऊन उभी होती. ती दिसल्यावर ‘शिफारस नाही’ असे लिहायला समितीतल्या कुणाचाच हात धजेना, माझाही नाही. मंजुरी आधी आणि तपासणी मागून, या क्रमातच दोष आहे असे मला तेव्हापासून वाटते.

व्यावसायिक शिक्षणात तर आराखड्याचा लगाम आणखी सैल झाला. तंत्रशिक्षणासाठी १९८७ आणि शिक्षक-शिक्षणासाठी १९९३ च्या केंद्रीय कायद्यांनी स्वतंत्र परिषदा आल्या. २००६ मध्ये महाराष्ट्रातल्या बी.एड. महाविद्यालयांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने केंद्रीय परिषदेची मान्यता वरचढ ठरवली. राज्याला धोरण म्हणून नवी महाविद्यालये नको असली, तरी ते कारण टिकले नाही. पुढच्या काळात बी.एड. आणि अभियांत्रिकीच्या जागा रिकाम्या राहू लागल्या, तेव्हा गरज कोणी मोजली होती, याचे उत्तर द्यायला कुणीच नव्हते. २०१४ नंतर एकेका कायद्याने उभी राहिलेली खासगी विद्यापीठे तर या आराखड्याच्या चौकटीबाहेरच आहेत.

२०१०-११ च्या सुमारास राज्याने उच्च शिक्षणावर तीन समित्या नेमल्या. त्यांच्या अहवालांवर बरीच वर्षे घोळ चालला आणि अखेर महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ मंजूर होऊन १ मार्च २०१७ पासून लागू झाला. आराखडा करण्याचे काम जुन्या विकास मंडळाकडून अधिष्ठाता मंडळाकडे, म्हणजे विद्याशाखांच्या प्रमुखांच्या मंडळाकडे, गेले. त्याच्यावर मुख्यमंत्र्यांच्या अध्यक्षतेखालचा राज्य आयोग आला. आधी इरादापत्र (तत्त्वतः मंजुरीचे पत्र), मग अंतिम मान्यता अशी पायरीही आखली गेली. अपवादाचे परंतुक मात्र कलम १०९ मध्ये जवळपास त्याच शब्दांत राहिले. इतक्या वर्षांच्या अनुभवानंतर तरी ते काढायला हवे होते, निदान नोंदवलेली कारणे जाहीर करण्याची अट त्याला जोडायला हवी होती.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तर संलग्नीकरणाची पद्धतच पंधरा वर्षांत टप्प्याटप्प्याने संपवायची म्हटले आहे. २०३५ पर्यंत उच्च शिक्षणातले पटनोंदणीचे प्रमाण ५० टक्क्यांवर न्यायचे आणि महाविद्यालयांनी हळूहळू स्वायत्त व्हायचे. संस्थात्मक विकास आराखडा याच धोरणातून आला आहे. यात संस्थेने स्वतःचे शिक्षक, पैसा, संशोधन आणि विद्यार्थ्यांसाठीची मदत यांचा विचार मांडायचा असतो. म्हणजे ‘सम्यक’ या शब्दात जे अपेक्षित होते, ते आता दुसऱ्या कागदावर मागितले जाते आहे.

दोन्ही कागद बहुतेक ठिकाणी तेच मोजके प्राध्यापक भरतात. त्यातले कित्येक प्रभारी आहेत, आणि वर्षानुवर्षे न भरलेल्या पदांची कामेही त्यांच्याच टेबलावर आहेत. एका फाइलीत संलग्नीकरणाच्या बाहेर पडण्याचे टप्पे लिहायचे आणि दुसरीत २०२८-२९ पर्यंत संलग्न करायच्या नव्या महाविद्यालयांचे बिंदू मोजायचे.