बेटकास्टर की स्पिनिंग: एका रिळात स्पूल फिरतो, दुसऱ्यात नाही

बास या माशाच्या फिशिंगचे व्हिडिओ बघून बेटकास्टर (गळाच्या रिळाचा एक प्रकार) मागवायचा, पहिल्या दहा फेकींत लाइनचं घरटं करायचं आणि मग रीळच बोगस म्हणून कपाटात टाकायचं, हा प्रकार बडोद्यात नवा नाही. दोष बहुतेक वेळा रिळाचा नसतोच. पाच ग्रॅमचं लुअर (खोटं आमिष), बारीक तंगूस (नायलॉनची लाइन), स्पिनिंग या दुसऱ्या जातीच्या रिळाचा रॉड आणि त्यावर बेटकास्टर, असली मोट बांधलेली असते. तिथे कितीही महागडं रीळ गुंताच करणार.

दोन रिळांतला मूळ फरक एवढाच. बेटकास्टरमध्ये लाइन बाहेर जाताना स्पूल (ज्यावर लाइन गुंडाळलेली असते तो भाग) स्वतः फिरतो. स्पिनिंगमध्ये स्पूल जागचा हलत नाही, लाइन त्याच्या कडेवरून वेटोळी घेत निसटते. उत्तरायणात ज्यांनी फिरकी धरली आहे त्यांना हे समजवायला नको. पतंग दोरा ओढतोय तोवर फिरकी झकास सुटते. पतंगाने ओढ सोडली की फिरकी आपल्याच वेगात गरगरत राहते, आणि धरणाऱ्याने वेळेवर तळवा टेकवला नाही तर पायाशी मांजाचा ढीग. बेटकास्टरमध्ये हे तळव्याचं काम अंगठा करतो. तीच फिरकी न फिरवता तिच्या टोकावरून दोरा काढत गेलात तर ढीग होणार नाही, पण दोऱ्याला पीळ बसत जाईल. बेटकास्टरची बहुतेक दुखणी त्या वेगातून येतात, स्पिनिंगची त्या पिळातून. टोकावरून लाइन सोडायची ही युक्ती इंग्लंडमधल्या आल्फ्रेड इलिंगवर्थने १९०५ मध्ये पेटंट केली. तो ब्रॅडफर्डचा, लोकरीच्या धंद्यातला. सूत बॉबिनवरून कसं सुटतं हे त्याला कुणी शिकवायची गरज नव्हती.

यातूनच लुअरच्या वजनाचा प्रश्न सुटतो. स्पिनिंगमध्ये लुअरला फक्त लाइन ओढून न्यायची असते, म्हणून ३-४ ग्रॅमचं लुअरही बऱ्यापैकी जातं. बेटकास्टरमध्ये लुअरला आधी स्पूल आणि त्यावरची सगळी लाइन फिरवावी लागते. साध्या बेटकास्टरला त्यासाठी निदान ७ ग्रॅम लागतात. शिकताना १०-१४ ग्रॅमच बांधा, म्हणजे अर्धं काम वजनच करतं. ३ ग्रॅम फेकणारे बेटकास्टरही मिळतात, त्यांचा स्पूल उथळ आणि फार हलका असतो, पण ते पहिलं रीळ म्हणून घेऊ नये.

मग बासवाले बेटकास्टरच का घेतात? लार्जमाउथ बास हा उत्तर अमेरिकेचा मासा. जपानमध्ये तो १९२५ मध्ये आशी तलावात सोडला गेला आणि तिथे असा रुजला की २००९ मध्ये बिवा तलावात १०.१२ किलोचा निघाला. त्याने जॉर्जियातल्या १९३२ च्या विक्रमाशी बरोबरी केली. शिमानो आणि दाइवा या जपानी कंपन्यांच्या बेटकास्टरवर बासचा एवढा ठसा का, हे त्यावरून कळावं. हा मासा पडलेल्या झाडात, वनस्पतींच्या दाटीत दबा धरून बसतो. तिथे जाड लाइन लागते, गळ जोरात बसवावा लागतो, आणि लागलेला मासा बुंध्याला वेढा घालायच्या आत बाहेर खेचावा लागतो. बेटकास्टरमध्ये लाइन सरळ स्पूलवर येते, स्पिनिंगसारखी रोलरवर काटकोनात वळत नाही, म्हणून ओढायला तो दणकट पडतो. शिवाय अंगठा स्पूलवर असल्याने लुअर हव्या त्या फांदीच्या अलीकडे हातभर अंतरावर थांबवता येतं. लुअर आणि ते बांधायच्या पद्धतींपैकी स्पिनरबेट, जिग, टेक्सस रिग, फ्रॉग (बेडकासारखं तरंगतं लुअर) ही सगळी १० ग्रॅमच्या वरची कामं बेटकास्टरची. ड्रॉप शॉट, नेड रिग, बारीक जिगहेडवरचं (डोक्याला वजन असलेल्या गळावरचं) रबरी आमिष ही ३-६ ग्रॅमची कामं स्पिनिंगची. ज्यांना यातलं एकच 'खरं' वाटतं त्यांनी बासच्या स्पर्धांमधल्या बोटी पाहाव्यात: डेकवर दोन्ही प्रकारचे रॉड पडलेले असतात.

बडोद्याच्या आसपास बास नाही, पण हीच सगळी भाषा मरळाला लागू पडते. मरळ जलपर्णीखाली, कमळाच्या पानांत दबून असतो, हवा घ्यायला वर येतो आणि वरून सरकणाऱ्या फ्रॉगवर तुटून पडतो. त्यामुळे इथे बेटकास्टरचं पहिलं काम म्हणजे १२-१५ ग्रॅमचा पोकळ फ्रॉग, आणि शिकायलाही याहून चांगलं वजन नाही.

लाइनच्या बाबतीत मात्र दुकानात हमखास घोटाळा होतो. बेटकास्टरला ब्रेडेड (धागे विणून केलेली) लाइन घेताना ताकदीत ३० पौंडांच्या खाली जाऊ नका. बारीक ब्रेड ताण आला की खालच्या थरांत रुतते, आणि पुढच्या फेकीला तिथेच अडकून लुअर हवेतच झटका खातं, कधी तुटून एकटंच तलावात जातं. फ्रॉगला ५० पौंडांची ब्रेड साधारण १२ पौंडांच्या तंगुसाएवढ्याच जाडीची असते, म्हणून जाडीची धास्ती नको. उघड्या पाण्यात १२ ते १७ पौंडांची फ्लुओरोकार्बन चालते, पण ती कडक असते. नवशिक्याच्या गुंत्यात तिला घड्या पडतात आणि घडी पडली तिथे ती कमजोर होते. पहिला महिना ब्रेड किंवा १४ पौंडांचं साधं तंगूस बरं. स्पिनिंगला उलट १० ते १५ पौंडांची बारीक ब्रेड आणि पुढे ८-१० पौंडांचा फ्लुओरोकार्बन लीडर (लुअरकडच्या टोकाला जोडायचा तुकडा). दोन्हीकडे ब्रेडखाली आठ-दहा वेढे तंगुसाचे घ्या. गुळगुळीत स्पूलवर नुसती ब्रेड सरकते, अख्खा गोळा फिरतो आणि ड्रॅग (मासा जोरात ओढेल तेव्हा लाइन सुटू देणारा रिळातला ब्रेक) बिघडल्यासारखं वाटतं.

लाइन भरतानाही दोन वेगळ्या रीती आहेत. बेटकास्टरसाठी दुकानातल्या गुंडाळीत पेन्सिल घालून ती कुणाला तरी धरायला द्या, म्हणजे गुंडाळी फिरत फिरत सुटेल आणि पीळ बसणार नाही. स्पिनिंगसाठी गुंडाळी जमिनीवर आडवी ठेवा, वीस-पंचवीस वेढे घ्या, लाइन सैल सोडून पाहा. ती स्वतःभोवती मुरगळली तर गुंडाळी उलटी करा. स्पिनिंगचा स्पूल कडेपासून दीड-दोन मिलिमीटर, बेटकास्टरचा दोन-तीन मिलिमीटर मोकळा ठेवा. काठोकाठ भरलेला बेटकास्टर म्हणजे गुंत्याला निमंत्रण.

रॉडची अदलाबदल चालत नाही, आणि हे दुकानदार सांगेलच असं नाही. बेटकास्टर रॉडच्या वर बसतो, कड्या वरच्या बाजूला आणि लहान असतात, मुठीखाली तर्जनी अडकवायला खाच असते. रॉड वाकला की वरची लाइन त्याच्या अंगाला घासायला बघते, म्हणून कड्या जास्त असतात. स्पिनिंगचं रीळ खाली लोंबतं आणि पहिली कडी चांगली मोठी असते, कारण लाइन वेटोळी घेत येते. स्पिनिंगचं रीळ बेटकास्टिंग रॉडला लावलंत तर ती वेटोळी बारीक कडीवर आपटतात आणि पल्ला पडतो. सुरुवातीला बेटकास्टरसाठी ७ फुटी, मीडियम हेवी पॉवर, फास्ट ॲक्शन, लुअर १०-२८ ग्रॅम लिहिलेला रॉड घ्या. पॉवर म्हणजे रॉड किती ताकदीला वाकतो, ॲक्शन म्हणजे कुठून वाकतो. यांची गल्लत करून लोक 'फास्ट' म्हणजे दणकट समजतात. स्पिनिंगसाठी ७ फुटी मीडियम, ३-१० ग्रॅम.

हाताचा प्रश्न ऑर्डर देण्याआधी सोडवा. स्पिनिंगचं हँडल बहुधा काढून दुसऱ्या बाजूला लावता येतं. बेटकास्टरचं येत नाही, तो डावा किंवा उजवा म्हणूनच विकत घ्यावा लागतो. उजव्या हाताने फेकून त्याच हातात रॉड ठेवायचा असेल तर हँडल डावीकडचं घ्या. स्पिनिंगची सवय असलेल्यांना हेच सोपं जातं. गिअर रेशोचा (हँडलच्या एका फेऱ्यात स्पूल किती वेळा फिरतो याचा) फार काथ्याकूट नको. ३४ मिलिमीटरचा स्पूल आणि ७:१ रेशो म्हणजे हँडलच्या एका फेऱ्यात सुमारे ७५ सेंटिमीटर लाइन. फ्रॉगची सैल लाइन पटकन गोळा करायला हे बरोबर. खोल जाणाऱ्या, जड ओढणाऱ्या क्रँकबेटला ५:१ च्या आसपास मनगट सुखी राहतं.

आता बेटकास्टर लावायची रीत, आणि हे शेतात किंवा गच्चीवर, गळ काढलेलं १२ ग्रॅमचं वजन बांधून करा. हँडलच्या बाजूला ताऱ्यासारख्या ड्रॅगजवळ एक छोटा गोल नॉब असतो, तो स्पूलचा ताण. लुअर रॉडच्या टोकापासून वीतभर लोंबतं ठेवा, रॉड आडवा धरा, थम्ब बार (स्पूल मोकळा करणारी पट्टी) दाबा. लुअर धाडकन पडलं तर नॉब कसा, हललंच नाही तर सैल करा. ते सावकाश उतरत जावं आणि जमिनीला टेकलं की स्पूल एका फेऱ्याच्या आत थांबावा. लुअर बदललं की हे परत करावं लागतं. मग दुसऱ्या बाजूचा ब्रेक. तो दोन जातींचा असतो: चुंबकाचा, बऱ्याच मॉडेलांत बाहेरच्या डायलने फिरवायचा, आणि केंद्रोत्सारी, ज्यातले छोटे ठोकळे वेगाबरोबर बाहेर फेकले जाऊन घासतात. दुसऱ्याचा जोर फेकीच्या सुरुवातीला, वेग सगळ्यात जास्त असतो तेव्हा दिसतो. पहिला शेवटपर्यंत थोडं थोडं धरून ठेवतो. नवशिक्याला बाहेरचा डायल सोयीचा. डायल सुरुवातीला जवळजवळ पूर्ण ठेवा आणि दहा-बारा स्वच्छ फेकी झाल्या की एक घर कमी करा.

फेकताना अंगठा स्पूलवर टेकवून थम्ब बार दाबायचा, झटका न देता रॉड मागून पुढे एका ओघात आणायचा आणि अंगठा उचलायचा नाही, हलका करायचा. गुंता दोन ठिकाणी होतो. झटक्याने फेकलं तर स्पूल एकदम सुसाट सुटतो आणि लुअर मागे पडतं, हा सुरुवातीचा गुंता. दुसरा शेवटचा: लुअर पाण्याला लागलं तरी अंगठा दाबलेलाच नाही. पाण्याला लागायच्या क्षणी अंगठा पक्का दाबायचाच, याला पर्याय नाही. पावसाळ्याआधीच्या नैर्ऋत्येच्या वाऱ्यात समोर फेकत असाल तर ब्रेक दोन घरं वाढवा, कारण वारा लुअरला अडवतो, स्पूलला नाही.

गुंता झालाच तर नखांनी ओरबाडू नका. ड्रॅग पूर्ण आवळा, अंगठ्याने स्पूलवरचे वेढे घट्ट दाबून धरा आणि तसंच दाबलेलं ठेवून हँडल दोन-तीन फेरे फिरवा. आत अडकलेली सैल वेटोळी अंगठ्याखाली सपाट होतात. मग थम्ब बार दाबून लाइन हाताने ओढा. अडली की परत दाबा, परत फिरवा. चाकूपर्यंत फारसं जावं लागत नाही. शेवटी ड्रॅग परत लाइनच्या ताकदीच्या पंचवीस ते तीस टक्क्यांवर आणा. पाण्यात दाट जलपर्णी असली तर मात्र जास्तच आवळलेला बरा.

स्पिनिंगला असा स्फोट होत नाही, म्हणून लोक ते निर्धोक समजतात. पीळ मात्र हळूहळू साचतो आणि एक दिवस फेकीबरोबर वेटोळ्यांचा पुंजका पहिल्या कडीत बसतो. पीळ वाढवणारी दोन कामं टाळा: फेकीनंतर हँडल फिरवून बेल (लाइन पकडणारी तारेची कमान) बंद करणं (ती हातानेच पाडा आणि लाइन चिमटीत ताणून घ्या) आणि मासा ड्रॅगवर लाइन ओढत असताना हँडल फिरवत राहणं. ड्रॅग सुटत असताना हँडलचा प्रत्येक फेरा लाइन आत आणत नाही, फक्त पीळ घालतो.

फ्रॉगवर धडक बसली की लगेच रॉड उपटायचा मोह आवरा. वजन हाताला जाणवलं की मग गळ बसवा, नाहीतर फ्रॉग तोंडातून रिकामाच उडून येतो. पाण्यावर लालसर पिल्लांचा थवा दिसला तर खाली राखण करणारे आईबाप असतात. ते फ्रॉगवर चिडून लगेच येतात, म्हणूनच तिथे फेकू नका. ते उचलले की पिल्लं इतर माशांच्या तोंडी जातात. कुठल्याही तलावावर जाण्याआधी तिथला मासेमारीचा ठेका कुणाकडे आहे आणि गळ टाकायला परवानगी आहे का, हे विचारून घ्या. वढवाणासारख्या पक्ष्यांच्या पाणथळीत तो विषयच काढू नका. विश्वामित्री नदीकडे आणि आजवा तलावाच्या बाजूला मगरी आहेत. काठापासून दोन-तीन मीटर मागे उभं राहा, अडकलेला फ्रॉग सोडवायला पाण्यात उतरू नका. पन्नास पौंडांची ब्रेड असेल तर अडकलेली लाइन हाताला गुंडाळूनही ओढायची नाही, ती कापते. लाकडाच्या तुकड्याला दोन वेढे देऊन मागे चालत जा.

घरी आल्यावर दोन्ही रिळांचा ड्रॅग सैल करा, नाहीतर आतल्या चकत्या दबून चिकटतात. बेटकास्टरच्या स्पूलच्या बेअरिंगला पातळ तेलाचा एक थेंब, गिअरला ग्रीस. उलटं केलंत, बेअरिंगला ग्रीस भरलंत, तर १२ ग्रॅमचं लुअर पाच ग्रॅमसारखं जवळच पडायला लागेल.