एगलेस मेयोनीज आलं कुठून?

30 ऑक्टोबर 2024 रोजी तेलंगण सरकारने कच्च्या अंड्याच्या मेयोनीजवर वर्षभराची बंदी घातली. केरळने 2023 मध्येच असं पाऊल उचललं होतं, एप्रिल 2025 मध्ये तमिळनाडूनेही उचललं. मोमो आणि शोरमाच्या गाड्यांना पर्याय शोधत बसायची मात्र वेळ आली नाही. एगलेस मेयोनीज दुकानादुकानात होतंच, आणि त्याचा जन्म कच्च्या अंड्यातल्या साल्मोनेला जंतूंच्या धास्तीतून झालेला नव्हता.

मूळ सॉस अठराव्या शतकाच्या आसपासचा. 1756 मध्ये फ्रेंचांनी मिनोर्का बेटावरचं माओन जिंकलं आणि ड्यूक द रिशल्यूच्या आचाऱ्याने विजयाच्या मेजवानीत तो केला, ही कथा लोक चवीने सांगतात, पुरावा पातळच. त्यातली करामत पिवळ्या बलकाची. बलकातलं लेसिथिन आणि प्रथिनं तेलाच्या बारीक थेंबांभोवती कवच धरतात, म्हणून भरपूर तेल थोड्याशा आंबट पाण्यात न फाटता बसतं.

हे काम दुसरंही कुणी करू शकतं. मिक्सरच्या भांड्यात एक वाटी थंडगार दूध, मोहरीची पूड, मीठ घ्या आणि दोन वाट्या तेलाची बारीक धार सोडत फिरवा. आधी नुसतं ताकासारखं दिसतं, मग मिक्सरचा आवाज बदलतो, जड होतो. लिंबू शेवटी. स्पेन-पोर्तुगालमध्ये दुधाचं मेयोनीज असंच करतात.

भारतात मात्र रेटा होता शाकाहाराचा. 1996 मध्ये मॅकडोनल्ड्स दिल्ली-मुंबईत आलं ते बिनअंड्याचं मेयोनीज घेऊनच. पुढे पाकिटांवर हिरवा ठिपका सक्तीचा झाला. त्या नियमात अंडं मांसाहारी, दूध शाकाहारी. साहजिकच कंपन्यांनी बलक काढून दुधाची पावडर किंवा सोया प्रथिनं, स्टार्च आणि दाटपणा आणणारा झँथन गम घातला. त्यामुळे आपल्याकडचं ‘व्हेज मेयो’ वीगन, म्हणजे दूधही नसलेलं, असेलच असं नाही, हे परदेशातून आलेल्या पाहुण्यांना सांगावं लागतं.

अमेरिकेत भांडण वेगळंच झालं. तिथल्या नियमाप्रमाणे मेयोनीज म्हणायचं तर वजनाने किमान 65 टक्के वनस्पती तेल हवं आणि अंडं हवंच. हॅम्प्टन क्रीक कंपनीने पिवळ्या वाटाण्याच्या प्रथिनांचं ‘जस्ट मेयो’ काढलं, तेव्हा 2014 मध्ये ‘हेलमन्स’ मेयोनीज विकणाऱ्या युनिलिव्हरने तिला कोर्टात खेचलं. टीका इतकी झाली की डिसेंबरात दावा मागे घेतला. 2015 मध्ये अन्न प्रशासनाने नोटीस काढली खरी, पण लेबल सुधारून नाव टिकलं. दरम्यान 2014 मध्येच फ्रान्सच्या जोएल रोसेल यांनी कडधान्य शिजवलेलं पाणी अंड्याच्या पांढऱ्यासारखं फेसाळतं हे दाखवून दिलं. छोल्यांचं पाणी फोडणीत न घालता मेयोनीजमध्ये घालायची टूम त्यातूनच निघाली.

हॉलंडेज आणि बेअर्नेज हे बलक-लोण्याचे फ्रेंच सॉस मात्र अंड्याशिवाय अजून पुरते हाती आलेले नाहीत. तिथे बलक लोणी धरून ठेवतो आणि मंद आचेवर स्वतः दाटही होतो. आच जरा वाढली की त्याची भुर्जी. मेयोनीजला पहिलं काम पुरतं, इथे दोन्ही लागतात. वीगन आचारी मग दाटपणासाठी काजू किंवा स्टार्च घालतात, रंगासाठी हळद, आणि अंड्याच्या वासासाठी चक्क आपलं काळं मीठ.