कुलूप किती मिनिटांचं?

कुठलंही कुलूप तुटतं आणि कुठलीही तिजोरी फुटते. सुरक्षेच्या धंद्यातली माणसं हे धरूनच चालतात. त्यांना एवढंच जाणून घ्यायचं असतं की किती वेळात? अमेरिकेतल्या अंडररायटर्स लॅबोरेटरीजचा तिजोऱ्यांसाठीचा ‘टीएल-१५’ हा दर्जा तेवढंच सांगतो. जाणकार परीक्षक ड्रिल, पहार, छिन्नी घेऊन तिजोरीच्या दाराला भिडतात. घड्याळ चालतं ते अवजार प्रत्यक्ष चालू असतानाच. १५ मिनिटं दार टिकलं की शिक्का मिळतो. सोळाव्या मिनिटाची हमी कुणी देत नाही.

रात्री बंद असलेल्या दुकानाचा किंवा गोदामाचा हिशेबही असाच मांडता येतो. समजा, शटर ४ मिनिटं टिकतं, आतलं दार ३ आणि तिजोरी १५. एकूण २२ मिनिटं. इशारा गेल्यावर माणसं पोचायला १२ मिनिटं लागतात असं धरू. शटरला हात लागताच इशारा गेला, तर चोराचं काम अर्धवट असतानाच माणसं दारात उभी. सेन्सर आतल्या दाराच्या पलीकडे असेल, तर आधीची ७ मिनिटं फुकट गेली. उरलेल्या १५ मिनिटांत जेमतेम भागतं. पण इशारा तिजोरी उघडल्यावरच जाणार असेल, तर एवढ्या सगळ्या पोलादाने चोराला फक्त घाम फोडला. अडथळ्याची मिनिटं मोजायची ती चोर कळल्यापासून पुढची. महागडं कुलूप घेऊन सेन्सरवर काटकसर करणारे नेमके इथे फसतात.

म्हणून पहिला इशारा जितका बाहेर तितका बरा. दारावरचा सेन्सर बहुधा रीड स्विच असतो: काचेच्या बारीक नळीत लोहचुंबकीय धातूच्या दोन पात्या आणि समोर दाराच्या फळीवर एक चुंबक. दार बंद असताना पात्या चिकटलेल्या राहतात, दार उघडलं की सुटतात आणि विद्युतमंडल तुटतं. स्वस्त आणि टिकाऊ, पण त्याला फक्त दार कळतं. भिंत फोडून किंवा पत्रा उचकटून आत आलेल्याची त्याला खबरही नसते.

ती खबर खोलीतला पीआयआर सेन्सर, म्हणजे शरीराच्या उष्णतेचे अवरक्त किरण टिपणारा सेन्सर देतो. आपलं शरीर सुमारे ९ ते १० मायक्रोमीटर तरंगलांबीच्या आसपास सर्वाधिक अवरक्त किरण टाकतं. साधी काच ते अडवते, पॉलिथिन जाऊ देतं. म्हणून या सेन्सरची खिडकी पांढुरक्या प्लास्टिकची असते. तिच्यावरच्या रेघा म्हणजे चिमुकली भिंगं. ती खोलीचे पट्टे पाडतात, आणि माणूस एका पट्ट्यातून दुसऱ्यात गेला की आतल्या स्फटिकावर पडणारी उष्णता बदलते. बदल झाला तरच सेन्सर जागा होतो. आडवं चालणारा पटकन सापडतो, सरळ सेन्सरच्या रोखाने येणारा उशिरा. चांगला कारागीर म्हणूनच तो अशा कोपऱ्यात लावतो की दारातून शिरणाऱ्याला त्याच्यासमोरून आडवं जावंच लागेल. खोलीचं तापमान ३५ अंशांवर गेलं की माणूस आणि भिंत यांच्यातला फरक पुसट होतो. अशा जागी सूक्ष्मलहरींवर चालणारा सेन्सर जोडीला देतात, तो तापमान न पाहता हालचाल टिपतो.

थर असे वेगवेगळ्या स्वभावाचे हवेत. प्रत्येक थर ८० टक्के वेळा चोर पकडत असेल, तर तिन्हींतून निसटण्याची शक्यता ०.२ × ०.२ × ०.२, म्हणजे ०.८ टक्का. पण हा गुणाकार थर एकमेकांपासून स्वतंत्र असतील तरच खरा. तिघांनाही एकाच तारेतून वीज येत असेल, तर ती तार कापणाऱ्यासमोर थर एकच आहे.

एवढं करूनही शेवटचा दुवा माणसाचा. २०१५च्या एप्रिलमध्ये, ईस्टरच्या सुट्टीत, लंडनच्या हॅटन गार्डनमधल्या तळघरातल्या तिजोरीखान्याची सुमारे ५० सेंटिमीटर जाडीची काँक्रीटची भिंत चोरांनी ड्रिलने भेदली. अलार्मने पहिल्याच रात्री इशारा दिला होता. सुरक्षारक्षक आला, बाहेरून पाहिलं, काही दिसलं नाही म्हणून परत गेला. पोलिसांनी तर जायची गरज नाही असंच ठरवलं. चोरांचं यंत्र अडलं, ते निघून गेले आणि दुसरं घेऊन पुन्हा आले. भिंतीने मिळवून दिलेला वेळ कुणी वापरलाच नाही.

असं दुर्लक्ष होतं त्याला वारंवार वाजणारे खोटे अलार्म कारणीभूत असतात. त्यावर उपाय म्हणजे एका सेन्सरवर विसंबायचं नाही: दार उघडल्याची नोंद आणि पाठोपाठ आतली हालचाल, किंवा कॅमेऱ्यातलं चित्र, अशी साक्ष जुळली की इशारा वरच्या दर्जाचा मानायचा.

आणि तारेवरही पहारा लागतो. सेन्सरच्या टोकाला एक छोटा रोधक (रेझिस्टर) बसवतात आणि पॅनेल, म्हणजे सगळ्या सेन्सरच्या तारा जिथे येतात ती अलार्मची पेटी, त्या तारेचा रोध सतत मोजत राहतं. तार कापली तर रोध अनंत, दोन तारा जोडल्या तर जवळपास शून्य. दोन्ही वेळा पॅनेलला कळतं. काही जण मात्र सोय म्हणून तो रोधक पॅनेलच्या पेटीतच बसवून टाकतात. मग बाहेर कुणी तारा जोडून दिल्या, तरी पॅनेलला दिसणारा रोध तसाच राहतो. पेटी उघडून एवढं एक पाहून घ्यायला बसवणाऱ्याला सांगावं.