रविवार दुपारचा खेळ, परदेशातली रात्र

अमेरिकी फुटबॉलचे रविवारचे सामने न्यूयॉर्कच्या घड्याळात दुपारी एकला सुरू होतात. चर्च आटोपलं, जेवण उरकलं की टीव्हीपुढे बसायचं, हा तिथल्या कित्येक घरांचा शिरस्ता. सप्टेंबर-ऑक्टोबरात त्या वेळी पुण्यात रात्रीचे साडेदहा झालेले असतात. त्याच दिवशी नंतरच्या वेळेतला मोठा सामना लागतो तेव्हा दोनला पाच कमी, आणि रात्रीचा मुख्य सामना आपल्याकडे सोमवारी पहाटे पाच पन्नासला. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी अमेरिकेत घड्याळं तासभर मागे जातात, मग आपली रात्र आणखी एक तास लांबते. क्लीव्हलँडमध्ये सात वर्षं काढून मी परत आलो त्याला बराच काळ लोटला, पण हे वेळापत्रक अजून तोंडपाठ आहे. स्वयंपाकघरातला दिवा तेवढा लावायचा, कानात इअरफोन, पुढ्यात चहा, आणि घरातलं कुणी जागं होऊ नये म्हणून टचडाउन झाला, म्हणजे चेंडू समोरच्यांच्या हद्दीच्या टोकाशी पोहोचून गुण मिळाले, तरी मूठ आवळून गप्प बसायचं.

असं दूर बसून हा खेळ धरून ठेवणारी माणसं फार आधीपासून आहेत. आज लंडन, म्युनिक, माद्रिदमध्ये अमेरिकन लीगचे, म्हणजे एनएफएलचे, खरे गुणांचे सामने होतात. त्यांची जमीन आधी या माणसांनी तयार केली, लीग तिथे नंतर पोहोचली, असं माझं ठाम मत आहे.

जपानचंच बघा. पॉल रश नावाच्या अमेरिकन शिक्षकाने 1934 साली टोकियोच्या विद्यापीठांत हा खेळ रुजवला. त्याच वर्षी नोव्हेंबरात पहिला जाहीर सामना झाला आणि विद्यार्थ्यांच्या निवडक संघासमोर उभे राहिले योकोहामात राहणारे परदेशी लोक. घरचा खेळ बघायला मिळत नव्हता, म्हणून ते स्वतःच मैदानात उतरले.

पसारा वाढला तो दुसऱ्या महायुद्धात. लाखो तरुण समुद्रापार गेले आणि त्यांच्यासाठी 4 जुलै 1943 रोजी लंडनमधून अमेरिकन सैन्याचं स्वतःचं रेडिओ केंद्र सुरू झालं. हेच पुढे एएफएन, म्हणजे अमेरिकन फोर्सेस नेटवर्क, म्हणून जगभर पसरलं. बातम्या, गाणी आणि घरच्या खेळांचं समालोचन, हे सगळं ओळखीच्या उच्चारांत कानावर पडायला लागलं. ऐकून भागेना तेव्हा सैनिकांनी सामने भरवले. फेब्रुवारी 1944 मध्ये लंडनच्या व्हाइट सिटी मैदानावर कॅनडाच्या सैन्याने अमेरिकन सैन्याला 16-6 असं हरवलं. त्या सामन्याला नाव दिलं होतं 'टी बोल'; 'बोल' (bowl) म्हणजे या खेळातला मोठा, खास सामना. 1 जानेवारी 1945 रोजी इटलीत फ्लॉरेन्सला 'स्पॅगेटी बोल' झाला. पाचव्या आर्मीने बाराव्या एअर फोर्सला 20-0 असं नमवलं. उत्तरेकडच्या डोंगरांत तेव्हा आघाडी अजून पेटलेली होती.

त्यानंतर बरोबर एक वर्षाने, 1 जानेवारी 1946 ला, नागासाकीत सामना झाला. 'ॲटम बोल' हे त्याचं नाव. शहरावर बॉम्ब पडून पाच महिनेही झाले नव्हते. मैदान साफ केलं होतं, तरी मातीत काचेचे तुकडे इतके रुतलेले होते की एकमेकांना जमिनीवर पाडायचं नाही, दोन्ही हातांनी स्पर्श केला की गडी बाद, असा नियम करावा लागला. एका बाजूचा कप्तान होता अँजेलो बर्टेली, 1943 चा हाइजमन ट्रॉफी विजेता, म्हणजे कॉलेज फुटबॉलमधला त्या वर्षीचा सर्वोत्तम खेळाडू. दुसऱ्या बाजूला शिकागो बेअर्स या संघाचा बिल ऑस्मान्स्की. सामना बरोबरीत सोडवायचा असं दोघांनी आधी ठरवलं होतं, पण शेवटी ऑस्मान्स्कीने जादा गुणाची किक मारली आणि त्याचा संघ 14-13 ने जिंकला. ही हकिगत मी जेव्हा जेव्हा वाचतो तेव्हा पोटात कालवतं. ज्या मातीत हजारो माणसं क्षणात जळून गेली तिथे यार्डांच्या रेघा आखायला हात कसे धजले? आणि तरी, घरापासून हजारो मैलांवर नववर्षाच्या दिवशी त्या मुलांना काय हवं होतं, तेही कळतं. नववर्ष म्हणजे फुटबॉल, हे त्यांच्या अंगात लहानपणापासून मुरलेलं होतं.

युद्ध संपलं, पण सैन्य परतलं नाही. शीतयुद्धात एकट्या पश्चिम जर्मनीत दोन लाखांहून जास्त अमेरिकन सैनिक होते, त्यांच्याबरोबर बायकामुलंही होती. शनिवार-रविवारच्या संध्याकाळी तळावरच्या घरांतून समालोचन ऐकू यायचं. 1970 पासून अमेरिकेत सोमवारी रात्री नऊला सामना दाखवायला लागले. हिवाळ्यात जर्मनीत तेव्हा पहाटेचे तीन वाजायचे, म्हणजे सामना संपेपर्यंत कवायतीची वेळ व्हायची. एएफएनवर व्यापारी जाहिराती नसतात. त्यामुळे अमेरिकेत जिथे गाड्यांच्या जाहिराती लागायच्या तिथे इथे सैनिकांसाठी सूचना लागत. तळांवर वाढलेली मुलं मोठेपणी फुटबॉलइतक्याच जिव्हाळ्याने त्या सूचनांविषयी बोलतात.

रेडिओच्या लहरींना तळाचं कुंपण अडवू शकत नव्हतं. आसपासचे जर्मन तरुणही ऐकत होते. 1977 मध्ये 'फ्रँकफुर्टर लोवेन' हा जर्मनीतला पहिला क्लब निघाला. 1979 मध्ये जर्मन लीगचा पहिला हंगाम झाला, आणि अंतिम सामन्यात लोवेनने आन्सबाखच्या संघाला 14-8 असं हरवलं. फ्रँकफुर्ट आणि आन्सबाख, दोन्ही गावांत अमेरिकन सैन्याचे तळ होते. हा योगायोग नव्हे.

तळावर ज्यांना प्रवेश नव्हता त्यांचे मात्र हाल होते. शिक्षक, कंपन्यांचे अधिकारी, विद्यार्थी यांनी काय करायचं? घरचे लोक सामना व्हिडिओ कॅसेटवर उतरवून टपालाने पाठवायचे. पण अमेरिकेची टीव्ही पद्धत एनटीएससी आणि युरोपातल्या बऱ्याच देशांची पाल, म्हणून ती कॅसेट साध्या युरोपीय व्हीसीआरवर नीट चालत नसे. त्याखेरीज हक्कांचा प्रश्न होताच. 1961 मध्ये केनेडींच्या सहीने अमेरिकेत एक कायदा झाला आणि लीगला सगळ्या संघांचे प्रक्षेपण हक्क एकत्र विकण्याची मुभा मिळाली. छोट्या गावांचे संघ त्यामुळे तगले. बाहेरच्या देशांतही लीग देशागणिक एका वाहिनीशी सौदा करू लागली. त्या वाहिनीने दाखवला तो सामना बघायचा, नाही दाखवला तर निकालावर समाधान मानायचं. आज परदेशात ॲप उघडल्यावर 'हा सामना तुमच्या भागात उपलब्ध नाही' अशी पाटी दिसते, ती याच देशागणिक सौद्यांमुळे.

ब्रिटनमध्ये ही कोंडी फोडली चॅनल फोरने. ही वाहिनी नोव्हेंबर 1982 मध्ये सुरू झाली आणि पहिल्याच आठवड्यात तिने अमेरिकी फुटबॉल पडद्यावर आणला. गंमत अशी की अमेरिकेत त्या वेळी खेळाडूंचा 57 दिवसांचा संप चालू होता. तरी ब्रिटिश प्रेक्षक जमले, आणि जानेवारी 1983 चा सुपर बोल, म्हणजे एनएफएलचा अंतिम सामना, त्यांनी मध्यरात्र उलटेपर्यंत थेट पाहिला. 3 ऑगस्ट 1986 ला शिकागो आणि डॅलस वेम्ब्लीवर सरावाचा सामना खेळले, तो पाहायला 82,699 लोक आले. साध्या सरावाच्या सामन्याला!

मग लीगने स्वतःच युरोपात संघ काढले. 1991 मध्ये वर्ल्ड लीग सुरू झाली. पहिला करंडक लंडन मोनार्क्सने वेम्ब्लीवर बार्सिलोनाला 21-0 असं हरवून घेतला. दोन हंगामांनंतर लीग बंद पडली. 1995 मध्ये ती फक्त युरोपपुरती परत आली आणि पुढे एनएफएल युरोप झाली. कर्ट वॉर्नर 1998 मध्ये ॲमस्टरडॅमकडून खेळला, आणि दोनच वर्षांत सुपर बोलचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. पण हळूहळू जर्मनी सोडून बाकी सगळीकडे प्रेक्षक ओसरले. शेवटच्या हंगामात सहापैकी पाच संघ जर्मनीचे होते. 23 जून 2007 रोजी फ्रँकफुर्टला अंतिम सामना झाला तेव्हा स्टेडियममध्ये 48,125 माणसं होती. सहा दिवसांनी न्यूयॉर्कहून लीग बंद केल्याची घोषणा आली. हिशेब तोट्याचा होता हे मान्य. पण इतक्या निष्ठावान प्रेक्षकांना असं वाऱ्यावर सोडायला नको होतं, असं मला आजही वाटतं.

त्याच वर्षी ऑक्टोबरात मायामी आणि न्यूयॉर्क जायंट्स वेम्ब्लीवर गुणांचा सामना खेळले. उत्तर अमेरिकेबाहेरचा तो पहिलाच. जर्मनीला मात्र आणखी पंधरा वर्षं थांबावं लागलं. 13 नोव्हेंबर 2022 ला म्युनिकमध्ये टॅम्पा बे आणि सिअ‍ॅटल उतरले, तेव्हा 69,811 प्रेक्षकांत जवळपास प्रत्येक संघाचा शर्ट दिसत होता. खेळणारे संघ दोनच, पण चाहते लीगच्या बत्तीसही संघांचे. ज्यांना जन्मभर जवळ कुठला संघच नव्हता त्यांनी प्रत्येकाने कधीतरी, कुणामुळे तरी, एक संघ आपला मानलेला होता.

भारतातही एक प्रयत्न झाला. 2012 मध्ये एलिट फुटबॉल लीग आली, तिच्यात पुणे मराठाज आणि मुंबई ग्लॅडिएटर्स असे संघ होते. ती मूळ धरू शकली नाही. आपल्याकडे हा खेळ बघणारे बहुतेक जण अमेरिकेत शिकून किंवा नोकरी करून आलेले, किंवा ज्यांची मुलं तिथे आहेत असे. भाऊ डेन्व्हरला म्हणून डेन्व्हरचा संघ, मुलगी बॉस्टनला म्हणून बॉस्टनचा. 2023 पासून लीगची परदेशातली इंटरनेट सेवा डॅझोन (DAZN) या कंपनीकडे गेली आहे. कॅसेटच्या काळातली ओढाताण उरलेली नाही. उरलंय ते घड्याळ.

तेही एकदा माझ्या बाजूने फिरलं. 9 नोव्हेंबर 2025 ला बर्लिनच्या ऑलिम्पिक स्टेडियमवर इंडियानापोलिस आणि अटलांटाचा सामना होता. पुण्यात संध्याकाळचे आठ. दिवे लागलेले, टीव्हीचा आवाज मोठा, आई शेजारी मटार सोलत बसलेली. नियमित वेळेत बरोबरी झाली, आणि जादा वेळेत जोनाथन टेलर चेंडू घेऊन सरळ आत घुसला. मी ओरडलो. आईने विचारलं, "संपलं का रे?" संपलं होतं, 31-25. तो सामना सुरुवातीपासून बघायचा तर कॅलिफोर्नियातल्या लोकांना सकाळी साडेसहाला उठावं लागलं होतं.