‘प्रीपोन’ आला कुठून?

आमच्या सोसायटीची पाण्याची टाकी रविवारी धुवायची होती. टाकी धुणारी माणसं शनिवारीच येतो म्हणाली, म्हणून मी इंग्रजीत नोटीस लावली: टँक क्लीनिंग प्रीपोन्ड बाय वन डे. तिसऱ्या मजल्यावरचे निवृत्त शिक्षक ती वाचून घरी आले. ‘‘अहो, इंग्रजीत असा शब्दच नाही. ‘ब्रॉट फॉरवर्ड’ लिहा.’’ सरांचा शब्द मोडवेना, मी नोटीस बदलली. शनिवारी सकाळी नळ कोरडे पडले तेव्हा अर्ध्या इमारतीने एक बादलीही भरून ठेवलेली नव्हती. ‘फॉरवर्ड’ म्हणजे पुढे, म्हणजे सोमवारी, असंच सगळ्यांनी धरलं होतं.

धरणारच. मराठीत तारीख पुढे गेली म्हणजे लांबली. लवकर करायचं असेल तर आपण ती ‘अलीकडे घेतो’. लग्नाची तारीख अलीकडे घेतली, परीक्षा अलीकडे आली. या ‘अलीकडे’ला इंग्रजीत सुटसुटीत जोड मिळत नाही. खुद्द इंग्रजी मातृभाषा असलेल्यांना ‘बुधवारची मीटिंग दोन दिवस मूव्ह फॉरवर्ड झाली’ असं सांगून वार विचारला, की काही जण सोमवार म्हणतात, काही शुक्रवार. भाषा आणि मन यांचा अभ्यास करणाऱ्यांनी हा प्रश्न प्रयोगांत वापरलेला आहे. ‘प्रीपोन’ने मात्र असा घोळ होत नाही.

शब्दाची घडणही सरळ आहे. ‘पोस्टपोन’ लॅटिनमधून आला: ‘पोस्ट’ म्हणजे नंतर, ‘पोनेरे’ म्हणजे ठेवणे. ‘पोस्ट’च्या जागी ‘प्री’ घातला की ‘आधी ठेवणे’. शाळेत घोकलेला ‘प्रीपोझिशन’ याच दोन तुकड्यांचा बनलेला आहे. सोळाव्या शतकातल्या इंग्रजीत ‘प्रीपोन’ हे क्रियापदही होतं, ‘पुढ्यात ठेवणे’ या अर्थाने. पुढे ते विझलं. आजच्या अर्थाने ते 1913 साली ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये छापून आलेल्या एका वाचकाच्या पत्रात दिसतं. या धावपळीच्या काळात, विशेषतः वकील मंडळींसाठी, ‘पोस्टपोन’ला जोडीदार हवा, म्हणून हा शब्द घडवण्याची परवानगी द्यावी, असं त्याने लिहिलं होतं. अमेरिकेने ते मनावर घेतलं नाही. शब्द रुजला तो भारतात, कॉलेजांच्या सूचनाफलकांवर, सरकारी पत्रांत, रेल्वे आणि विमानाच्या तिकिटांच्या बोलण्यात. इथल्या लोकांनी ते पत्र वाचून तो उचलला असेल असं मला वाटत नाही. अडलं, तेव्हा हाताशी असलेल्या ‘पोस्टपोन’वरून त्यांनी तो पुन्हा घडवला असावा. ऑक्सफर्डच्या मोठ्या इंग्रजी कोशात आज त्याची नोंद आहे, ‘मुख्यतः भारतीय इंग्रजी’ अशा खुणेसह. सरांचं ‘असा शब्दच नाही’ तिथे टिकत नाही.

सरांचा राग नवा नाही, हेही खरं. फ्रेंचांनी 1635 मध्ये भाषेसाठी अकादमी स्थापली. इंग्रजीला तशी संस्था हवी असा प्रस्ताव ‘गलिव्हर्स ट्रॅव्हल्स’चा लेखक जोनाथन स्विफ्टने 1712 मध्ये मांडला, पण ती झालीच नाही. त्याआधी दोन वर्षं ‘टॅटलर’ या लंडनच्या नियतकालिकातल्या लेखात त्याने अर्धवट तोडलेल्या आणि नव्या फॅशनच्या शब्दांवर तोफ डागली होती. ‘मॉब’ आणि ‘बँटर’ (थट्टामस्करी) हे शब्द रोखण्यासाठी आपण वर्षानुवर्षं झटलो, पण संख्याबळापुढे हरलो, असं तो लिहितो. ‘मॉब’ हा लॅटिन ‘मोबिले व्हल्गुस’, म्हणजे चंचल जमाव, याचा तोडलेला तुकडा. तोच शब्द आज मराठी वर्तमानपत्रांत ‘मॉब लिंचिंग’मध्ये छापून येतो आणि त्याच्या जन्माची शंका कुणालाही येत नाही.

‘सायंटिस्ट’चीही तीच गत. विल्यम ह्यूएल या इंग्रज विद्वानाने ‘आर्टिस्ट’च्या धर्तीवर तो घडवला आणि 1834 मध्ये छापला. इंग्लंडमधल्या विज्ञानाच्या लोकांना तो इतका खटकत राहिला की साठ वर्षांनी, 1894 मध्ये, जीवशास्त्रज्ञ थॉमस हक्सलेने त्याची तुलना ‘इलेक्ट्रोक्यूशन’शी, म्हणजे विजेने मारण्यासाठीच्या शब्दाशी, केली. विजेच्या खुर्चीवरून आलेला तो शब्दही तेव्हा नवाच होता. ‘ओके’ तर 23 मार्च 1839 ला बॉस्टनच्या एका वर्तमानपत्रात गमतीतून उगवला: ‘ऑल करेक्ट’चं मुद्दाम चुकीचं स्पेलिंग आणि त्याची आद्याक्षरं. पुढच्या वर्षी अमेरिकेच्या अध्यक्षपदाच्या निवडणुकीत मार्टिन व्हॅन ब्युरेनच्या समर्थकांनी ती अक्षरं उचलली आणि शब्द टिकला.

आपल्याकडे शब्द घडवण्याची रीत बरीचशी वरून खाली आली. शिवाजी महाराजांच्या काळात फारसी शब्दांना पर्याय देणारा राज्यव्यवहारकोश झाला. विसाव्या शतकात सावरकरांनी भाषाशुद्धीची चळवळ चालवली. त्यांचा ‘महापौर’ रुळला. ‘दिनांक’ही रुळला, पण अर्जावर, तोंडात आजही ‘तारीख’च आहे. एकाच माणसाकडे दोन्ही शब्द असतात आणि कुठे कोणता वापरायचा हे त्याला न सांगता कळतं. मला वाटतं, इंग्रजीतल्या घडवलेल्या शब्दांबद्दल सर आणि मी दोघंही चुकतो ते इथे. शब्द बरोबर की चूक यावर आम्ही भांडत बसतो. वाचणारा कोण आहे, हे आधी विचारायला हवं.

लंडनच्या ग्राहकाला पत्र लिहिताना मी स्वतः ‘प्रीपोन’ टाळतो, कारण तो त्यापाशी अडखळेल. तिथे नवी तारीखच लिहितो. पण पुण्याहून बंगळुरूला जाणाऱ्या मेलमध्ये तो खोडायचा कशासाठी? दोन्हीकडच्यांना कळतो, आणि दुसरा शब्द घातला तर काय होतं ते आम्ही कोरड्या नळाखाली पाहिलं आहे. शाळेच्या पेपरात मार्क जातील ही मुलांची भीती रास्त आहे. तपासणाऱ्या शिक्षकांनी मात्र त्यावर लाल फुली मारण्याऐवजी शेजारी ‘भारताबाहेर कळणार नाही’ एवढं लिहावं, असं मला मनापासून वाटतं.

शब्दांची ये-जा दुसऱ्या बाजूनेही चालू आहेच. परभाषकांनी इंग्रजी शिकावी म्हणून ऑक्सफर्ड जो विद्यार्थी-कोश काढतं, त्याच्या 2020 च्या दहाव्या आवृत्तीत भारतीय इंग्रजीतले 26 नवे शब्द घेतले गेले. त्यांत गिरगावातल्या माणसाला शिकवावी लागणार नाही अशी ‘चाळ’ आहे, आणि ‘डबा’ही आहे.